कासव कोणी कापलं

१

कासव कापलेलं पहिल्यांदा पाहिलं ते सुताराने. रंग वाळला का ते बघायला तो सकाळी सभागृहात आला आणि रंगमंचाच्या मागच्या खोलीत डोकावला. मग बाहेर येऊन मुकाट्याने पायरीवर बसला. बाई फाटकातून आत येत होत्या, त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण होती.

"बाई, एवढ्यात आत जाऊ नका," सुतार म्हणाला. "आधी बसा जरा."

"का? काय झालं?"

"कासव गेलं."

"गेलं म्हणजे? चोरीला?"

"आहे जागेवरच. पण कोणीतरी कापलंय."

बाई बसल्या नाहीत, तडक आत गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग होता आणि सगळं नाटक त्या कासवावर उभं होतं. वस्तीतल्या मुलांसाठी बाई दर सुट्टीत नाट्यशिबिर घेत. यंदाची गोष्ट मुलांनी स्वतःच रचली होती. जहाज वादळात सापडतं, मुलं एका बेटाला लागतात, तिथे घर बांधतात, भांडतात, रुळतात आणि एके दिवशी बेटच हलायला लागतं. कारण ते बेट नसतं, झोपलेलं कासव असतं. ते कासव सगळ्या मुलांनी मिळून केलं होतं. वेताचा सांगाडा, त्यावर गोणपाट, आतून खळीने चिकटवलेले वर्तमानपत्रांचे थर, वरून हिरवा तेलरंग. बुडाला सभोवार सुताराने लाकडाची जाडजूड कडी बसवली होती. अख्खी बैठक झाकून जाईल एवढं मोठं ते कवच उचलायला चार मुलं लागत.

आता कवच भिंतीला लागून जमिनीवर बसलेलं होतं आणि समोरून पाहिलं तर काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. सुताराने बाईंना बाजूने वाकून भिंतीकडची बाजू बघायला लावली. तिथे अगदी बुडाशी, लाकडी कडीच्या लगेच वर, उशीएवढं भोक पडलं होतं. गोणपाटाचा तुकडा तीन बाजूंनी कापून बाहेर दुमडलेला होता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिची नजर भोकावरच होती.

या बहिणीला शिबिरातली सगळी मुलं मावशी म्हणत, कारण बाईंची पाच वर्षांची मुलगी भिंगरी तिला मावशी म्हणायची. मावशी निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करत असे. जळलेली दुकानं, भिजलेली गोदामं, चेपलेल्या गाड्या. नुकसान आपसूक झालं की कोणी केलं, हे मोडक्या वस्तूकडे बघून सांगायचं, हाच तिचा आयुष्यभराचा धंदा.

"ताई, कोणी केलं असेल गं हे?" बाईंनी विचारलं.

"कोणी ते नंतर बघू," मावशी म्हणाली. "पण ज्याला कासव बिघडवायचं आहे तो समोरून कापेल ना? सगळ्यांना दिसेल असं? भिंतीच्या बाजूला, अंग चोरून, खाली बसून कोण कापत बसेल?"

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. सभागृहाचे कार्यवाह दारात उभे होते. त्यांच्या बोटात किल्ल्यांचा जुडगा होता.

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "इथे मोडतोड झाली किंवा कुठल्या पोराला नुसतं खरचटलं, तरी किल्ली परत. आज संध्याकाळपर्यंत मला नाव हवंय. नाव मिळालं नाही तर उद्या प्रयोग नाही."

२

मावशीने आधी सुताराला गाठलं.

सुताराचं आणि बाईंचं आठवड्यापूर्वी वाजलं होतं. त्याला कासवाच्या बुडाला चाकं लावायची होती आणि बाईंना मुलांनी उचललेलंच हवं होतं. सुतार तेव्हा रागाने म्हणाला होता की हे धूड एक दिवस कोणाच्या तरी पायावर पडेल.

"म्हणून मी कापणार होय?" सुतार म्हणाला. "माझी कडी आहे त्याला, ताई. स्वतःच्या हातची वस्तू कोणी कापतं का?"

"काल तुम्ही निघालात तेव्हा ते कसं होतं?"

"एका बाजूने उचललेलं. आतून वारा लागावा म्हणून मी कडीखाली टेकू लावला होता. हा एवढा, मुसळासारखा लाकडी दांडका. नाहीतर आतली खळ वाळत नाही, कुबट वास मारतो."

"आता तर ते जमिनीला टेकलंय. टेकू कुठेय?"

सुताराने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या ते आत्ताच लक्षात येत होतं. "काय ठाऊक," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा पोरं बाहेर अंगणात नाचाची तालीम करत होती. भोंग्यावर गाणं लावलेलं, कानठळ्या बसत होत्या. आत चिटपाखरू नव्हतं."

कपडेपट सांभाळणाऱ्या काकू शेजारच्या खोलीत टाके घालत बसल्या होत्या. सुरुवातीला त्या मावशीकडे बघेनातच.

"चांगलं गोणपाट होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "खलाशांचे सदरे शिवायला आणलं होतं मी. बाईंनी सगळं कासवाला घातलं. माझे खलाशी आता जुन्या पडद्यात नाचणार. पण ते जाऊ दे. तुम्हाला एक दाखवायचंय, आणि मला भीती वाटतेय दाखवायची."

"दाखवा ना."

काकूंनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे त्यांची झिगझॅग कात्री टांगलेली होती. कापडाच्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून दातेरी कापणारी, वजनदार.

"ही मी कधीच खिळ्याला लावत नाही. टेबलावरच्या डब्यात ठेवते. सकाळी आले तर इथे टांगलेली. आणि पात्याला हिरवा रंग."

मावशी परत कासवापाशी गेली. भिंत आणि कवच यांच्यातल्या फटीत कशीबशी बसली आणि दुमडलेल्या गोणपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड दातेरी होती.

ती उठून वळली तेव्हा कार्यवाह दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"म्हणजे कपडेवाल्या काकूंची कात्री," ते म्हणाले. "आणि गोणपाटावरून राग. मला वाटतं, आपल्याला नाव मिळालं."

३

तासाभरात सगळ्या शिबिराला कळलं. मुलं रंगमंचावर घोळका करून बसली होती. काकू खुर्चीत ताठ बसून होत्या आणि त्यांच्या मांडीवरचा खलाशाचा सदरा चुरगळत होता.

"बाई, मी असं करेन असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो काकू," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पुरेसा ठाम निघाला नाही. ते काकूंना जाणवलं. त्यांनी सदऱ्याची घडी घातली, सुईचा डबा मिटला आणि त्या उठल्या.

"मी कापलं."

आवाज मुलांच्या घोळक्याच्या मागून आला. जिराफ उभा राहिला होता. वर्षभरात इतका वाढला होता की शिबिरात त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारत नसे. दहावीला गेलेला, हातापायांचं काय करावं ते न कळणारा मुलगा. शिबिराच्या सुरुवातीला जहाजाचा कप्तान तोच होता. पण तालमींना सारखा उशीर व्हायला लागला, तेव्हा बाईंनी कप्तानाचं काम दुसऱ्याला दिलं. ज्याला दिलं तो पोपट, एकदा वाचलं की पाठ म्हणून दाखवणारा. जिराफच्या वाट्याला उरलं ते कासव उचलणं. चौघांपैकी एक, कवचाच्या आत, कोणाला न दिसणारा.

"काकूंनी काही केलेलं नाही," जिराफ म्हणाला. "काल संध्याकाळी मी त्यांची कात्री घेतली आणि कापलं."

"का?" कार्यवाहांनी विचारलं.

जिराफने नजर खाली वळवली.

"कप्तानाचं काम गेलं म्हणून?"

तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "हो."

पोपट हळूच म्हणाला, "अरे, मला सांगितलं असतंस तर मी सोडलं असतं काम." जिराफने त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

कार्यवाहांनी त्याच्या घरी फोन लावला. त्याची आई शहरातली बस चालवायची. ती फोनवर काय म्हणाली ते कोणाला ऐकू आलं नाही, पण जिराफला अंदाज आला असावा, कारण त्याने मान खाली घातली. त्याला शिबिरातून काढल्याचं सांगितलं गेलं. तो आपली पाण्याची बाटली उचलून निघाला. दारापाशी मावशी उभी होती.

"एक सांगशील?" तिने हळू आवाजात विचारलं. "रागाच्या भरात कापलंस, मग कात्री नीट खिळ्याला का टांगलीस?"

"टेबलावर परत ठेवायला नको वाटलं," जिराफ म्हणाला. "लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून वर टांगली."

एवढं बोलून तो गेला. मावशी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

"सुटलो एकदाचे," बाई म्हणाल्या. "ताई, असं का बघतेस? त्याने स्वतःच सांगितलंय."

"कोणी कापलं ते त्याने सांगितलं," मावशी म्हणाली. "का कापलं ते खोटं सांगितलं."

४

"हे बघ," मावशी बहिणीला म्हणाली, "तीस वर्षं मी हेच केलं. रागाने केलेलं नुकसान बघितलं की ओळखता येतं. माणूस वेडावाकडा वार करतो, जिथे जास्त दुखेल तिथे करतो. डोळे फोडतो, रंग ओरबाडतो. याने दोन वेतांच्या मधली जागा शोधली, एकही वेत तोडला नाही, तीन बाजू नीट कापल्या आणि तुकडा बाहेर दुमडून ठेवला. त्याला कासवाचं वाईट करायचं नव्हतं. त्याला भोक हवं होतं."

"भोक कशाला हवं असेल?"

"चार मुलं बोलाव. कासव उचलायचंय."

मुलांनी कासव उचललं. एक, दोन, तीन म्हणत, दात ओठ खात. सुताराने एका बाजूने टेकवायला एक फळी सरकवली. मावशी पदर खोचून ओणवी झाली आणि कवचाच्या आत शिरली. तेलरंगाचा वास अजून नाकात झोंबत होता.

बराच वेळ ती बाहेर येईना. शेवटी बाईंनी वाकून हाक मारली.

"ताई?"

"टेकू इथे आहे," आतून आवाज आला.

"आत? बरोबर आहे, कोणी बाहेरून लाथ मारली असेल, तो आत पडला असेल."

"मग तो कडेला पडला असता, जिथे लावला होता तिथे. हा पार दुसऱ्या टोकाला आहे, भिंतीच्या बाजूला, भोकापाशी. आणि भोकाच्या वरच्या कागदावर वाटोळे खळगे पडलेत, बरेच. खळ ओली होती म्हणून उमटलेत."

सुतार खाली बसला. त्याने टेकूचं टोक हातात घेऊन एका खळग्याला लावून बघितलं. बरोबर बसलं.

"हे आतून ठोकलंय," तो म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली. "आणि सगळे खळगे माझ्या गुडघ्याच्या खाली आहेत. ठोकणारं माणूस फारच लहान होतं."

५

दुपारी मावशी एकटीच घरी आली. भिंगरी शेजारच्या आजींकडे होती. तिला घेऊन ती आली आणि आंघोळीचं पाणी काढलं. सवयीने तिने न्हाणीघराचं दार लोटलं.

"मावशी, कडी नको लावू."

"का गं?"

"नको."

"बरं, नाही लावत. दारच उघडं ठेवू."

भिंगरी पाण्यात हात घालून बसली. एरवी ती एका जागी ठरत नसे, म्हणून तर भिंगरी. आज तिचं लक्ष दाराकडे होतं. काल झोपताना तिने दिवा मालवू दिला नव्हता, हे बाईंनी सकाळी सहज सांगितलं होतं. शिबिराची दगदग, असं म्हणून विषय संपवला होता.

कोपऱ्यातल्या बादलीत धुवायचे कपडे होते. मावशीने वरचा फिकट पिवळा फ्रॉक उचलला. कालचा. पाठीवर धुरकट काळपट डाग होता. तिने तो उजेडाकडे धरला. डागात अक्षरं होती, उलटी. तिने फ्रॉक आरशासमोर धरला, तेव्हा ती सुलटी झाली. अर्धवट उमटलेलं 'हवामान' आणि त्याच्या खाली ढगाचं छोटंसं चित्र. ओल्या वर्तमानपत्राला पाठ टेकून बसलं की शाई अशी कापडावर उतरते. आणि तो ढग मावशीने तासाभरापूर्वी पाहिला होता, कासवाच्या पोटात, भोकाच्या बाजूला.

फ्रॉक खाली ठेवून ती भिंगरीजवळ बसली.

"भिंगरे, काल कासवाच्या पोटात कोण होतं?"

"कोणी नाही."

"बरं."

मावशीने तिच्या पाठीवर पाणी घातलं. थोड्या वेळाने भिंगरी म्हणाली, "जिराफदादाने सांगितलंय, सांगायचं नाही."

"मग तू नको सांगू. शब्द दिलास तर पाळायचा. मी सांगते, तू नुसती मान हलव. चालेल?"

भिंगरीने जरा विचार केला. मान हलवायला बंदी नव्हती. तिने होकार दिला.

"एक मुलगी होती. सगळे बाहेर नाच करत होते. आई फाटकापाशी मुलांच्या आईबाबांशी बोलत होती. मुलीला वाटलं, कासवाच्या घरात जाऊन बसावं."

मान हलली.

"टेकूला पाय लागला."

मान हलली. खालचा ओठ पुढे आला.

"आणि अंधार झाला. मुलीने खूप हाका मारल्या. पण बाहेर गाणं लागलं होतं."

भिंगरी एकदम उठली आणि ओलीचिंब मावशीच्या गळ्यात पडली. मावशीने तिला घट्ट धरलं. तिची साडी भिजली, त्याचं तिला भानही नव्हतं. हातातली पोर धडधाकट होती, गरम होती, श्वास घेत होती. मावशी तशीच बसून राहिली. जळलेल्या गोदामांत ती कधी रडली नव्हती, पण आज तिचे डोळे वाहात होते.

६

जिराफ घरी गेलेला नव्हता. सभागृहाच्या मागच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या ओट्यावर तो बसला होता. घरी जायचं धाडस नव्हतं आणि शिबिरात जायची सोय नव्हती. मावशी त्याच्या शेजारी बसली.

"भिंगरीने मला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "हे आधी सांगून टाकते. तिने शब्द पाळला."

जिराफने ओठ घट्ट मिटले. "मग?"

"कासवाने सांगितलं. आता तू सांग."

बराच वेळ तो बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिला. मग बोलायला लागला.

"सगळे बाहेर होते, म्हणून मी आत गेलो होतो. स्टेजवर. मला एकदाच म्हणून बघायचं होतं, कप्तानाचं. कोणी नसताना. म्हणजे असंच."

"बरं."

"बेटावर उतरल्यावर कप्तान ओरडतो, 'कोणी आहे का इथे?' ते मी ओरडलो. आणि मागून ओ आली."

मावशी त्याच्याकडे वळली.

"मला आधी वाटलं भास झाला. परत ओरडलो. परत ओ आली, एकदम बारीक. मागे जाऊन बघतो तर कासव खाली बसलेलं आणि आतून, भिंतीच्या बाजूने, ठकठक. मी उचलायला बघितलं. बोटभर वर आलं, मग हात सुटायला लागले. तिने बाहेर बोटं काढली होती, मावशी. सोडलं असतं तर तिच्या बोटांवर पडलं असतं. मी तिला म्हटलं, बोटं आत घे, आणि हळू खाली ठेवलं. बाहेर पळत जाऊन कोणाला तरी बोलवावं असं वाटलं होतं. पण मी दोन पावलं गेलो की ती किंचाळायची. आत रंगाचा वास कोंडला होता, तिला खोकला यायला लागला होता. शेजारच्या खोलीच्या दारातून काकूंच्या टेबलावर कात्री दिसली. म्हटलं, आधी भोक."

"आणि बाहेर काढलंस."

"हो. नळावर नेऊन तोंड धुतलं. केस धुतले, केसांत खळ होती. पायरीवर बसवलं. बाई आल्या, त्यांना वाटलं आम्ही पाण्यात खेळत होतो. मला ओरडल्या थोड्या."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कार्यवाह काका म्हणाले होते ना, कोणाला खरचटलं तरी किल्ली परत. तिला काही झालं नव्हतं, पण झालं असतं ना. कळलं असतं तर त्यांनी शिबिरच बंद केलं असतं, कायमचं. आणि बाईंनी स्वतःला दोष दिला असता. सगळ्यांनी एवढी मेहनत केलीय." तो थांबला. "मला तसंही नाटकात कोण बघणार होतं? कासव दुसरं कोणीही उचलेल."

"आणि काकूंवर आळ आला तेव्हा?"

"ते नाही बघवलं."

मावशी ओट्यावरून उठली.

"मावशी, सांगू नका," जिराफ म्हणाला. "मला काढलंय तर काढलंय. प्रयोग होऊ दे."

"प्रयोग व्हावा असं मलाही वाटतं," मावशी म्हणाली. "पण तुझ्या माथी हे राहू देऊन नाही. चल माझ्याबरोबर."

७

बाईंना तिने आधी एकटीला सांगितलं. बाई ऐकता ऐकता जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मला वाटलं ती काकूंपाशी आहे," त्या म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. "आणि मला वाटलं ती तुमच्यापाशी आहे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सकाळपासून त्यांच्यात जे काही तुटत आलं होतं ते त्या नजरेत जुळलं. काकूंनी बाईंना उठवलं. बाई जिराफकडे गेल्या. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. जिराफ अवघडून इकडेतिकडे बघत होता.

मग सगळे कार्यवाहांच्या खोलीत गेले. मावशीने काही लपवलं नाही. टेकू, खळगे, फ्रॉक, कात्री, सगळं क्रमाने मांडलं. संपल्यावर कार्यवाह उठले आणि मागच्या खोलीत निघाले. बाकीचे मागोमाग.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, गुडघे टेकले आणि सरळ जमिनीवर आडवे होऊन त्या भोकातून आत बघितलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला धूळ लागली. मग बसते झाले.

"एवढीशी जागा," ते म्हणाले.

"हाकेला कोणीच आलं नाही?" त्यांनी जिराफला विचारलं.

"गाणं मोठ्याने लागलं होतं."

"आणि बाहेर काढल्यावर तू मला सांगायला आला नाहीस, कारण मी किल्ली घेतली असती."

"हो, काका."

"घेतली असती," कार्यवाह म्हणाले. "खरंय ते." त्यांनी जमिनीवर टेकलेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "धाक अशासाठी घातला होता की मुलांना काही होऊ नये. आणि त्याच धाकाने पोरांनी झालेलं लपवायला घेतलं. उद्या याहून मोठं काही झालं असतं आणि तेही लपवलं असतं तर?"

सुताराने हात पुढे केला. त्याला धरून ते उठले.

"बाई, किल्ली तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "पण यापुढे काही झालं, कितीही छोटं असलं, तरी आधी मला सांगायचं. मी ओरडणार नाही. म्हणजे ओरडेन, पण किल्ली मागणार नाही. आणि लहान मुलांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमायचा. दुसरं कोणी मिळालं नाही तर मी बसेन."

"कासवाला चाकं लावू?" सुताराने विचारलं.

"लावा," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "आता काय वाट्टेल ते लावा."

काकूंनी सुईत जाड दोरा ओवला होता. दुमडलेला तुकडा जागेवर ओढून त्या म्हणाल्या, "जिराफ, धर इथे. कापलंस ते छान सरळ कापलंस हो. शिवायला बरं."

८

राहिली होती जिराफची आई.

मावशी आणि बाई दोघी त्याच्याबरोबर घरी गेल्या. आई पाळी संपवून नुकतीच आली होती. अंगावर अजून गणवेश होता. दार उघडलं तेव्हा तिने मुलाकडे न बघता या दोघींकडे बघितलं.

"नुकसान काय झालं ते सांगा," ती म्हणाली. "भरून देऊ. तो पुन्हा तिकडे फिरकणार नाही."

"आम्ही त्यासाठी नाही आलो," मावशी म्हणाली. "आत येऊ का?"

मावशीने सांगितलं. शेवटचं वाक्य बाईंनी जोडलं. "तुमच्या मुलामुळे माझी मुलगी आज घरी आहे."

आई खुर्चीच्या कडेला बसली. जिराफ दाराशी उभा होता, आत यावं की नाही ते न ठरवता.

"फोनवर मी तुला नको नको ते बोलले," ती त्याला म्हणाली. "एकदासुद्धा विचारलं नाही, का कापलंस म्हणून."

"विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं."

"तरी विचारायला हवं होतं." तिने हात पुढे केला. "ये इकडे. उभा काय राहिलास परक्यासारखा?"

तो आला. इतका उंच मुलगा, पण तिच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडायला लागला. कालपासून त्याने हे कोणासमोर केलं नव्हतं. आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. "असू दे," ती म्हणत होती. "असू दे रे. ती बरी आहे ना? बरी आहे. मग झालं."

बाईंनी डोळे पुसले आणि तिला विचारलं, "उद्याचा प्रयोग बघायला याल ना?"

"माझी पाळी आहे," ती म्हणाली. मग जरा थांबली. "बदलून घेते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. कार्यवाह विंगेत एका स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर भिंगरी होती. तिने त्यांच्याकडून किल्ल्यांचा जुडगा खेळायला घेतला होता. पोपटाने कप्तान झकास केला. एका जागी तो अडखळला, तेव्हा बेटाच्या आतून कोणीतरी हळूच पुढचा शब्द सांगितला आणि गाडी पुढे गेली. मग शेवटच्या प्रवेशात बेट हललं. मुलं किंचाळत सरकली आणि ते भलंमोठं हिरवं कासव हळूहळू जमिनीवरून उठलं. सुताराची चाकं आली नव्हती, वेळ पुरला नव्हता. खाली फक्त आठ अनवाणी पाय दिसत होते.

पहिल्या रांगेत, बदललेली पाळी संपवून थेट आलेली, गणवेशातली एक बाई पुढे वाकली. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून तिने बोट दाखवलं.

"ते मागचे दोन," ती म्हणाली. "ते लांब पाय. ते माझ्या मुलाचे."